वर्शिप मिनिस्ट्रीची पदवी: अमेरिकेतलं कॉलेज, पुण्यातली सेमिनरी (धर्मशास्त्राचं महाविद्यालय) की आधी बी.ए. संगीत?

नगरची_बहीण

जय ख्रिस्त. धाकट्या भावाच्या प्रवेशाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. तो यंदा बारावी कला शाखेतून देतोय. गायनात गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली आहे, कीबोर्डवर ट्रिनिटीची पाचवी ग्रेड आहे. आमची मंडळी (म्हणजे आमचं चर्च) सीएनआयची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, उपासना मराठीतून. रविवारी 'उपासना संगीत'मधली गीतं आणि भजनं पेटी-तबल्यावर तोच बसवतो, तरुण संघाच्या आराधनेला कीबोर्ड-गिटार असते. पुढे पूर्णवेळ याच सेवेत, म्हणजे चर्चची उपासना आणि संगीत चालवण्याच्या कामात (वर्शिप मिनिस्ट्री), जायचं हे त्याचं पक्कं आहे आणि पाळकसाहेबांचाही पाठिंबा आहे.

समोर तीन वाटा दिसतात. अमेरिकेत 'वर्शिप आर्ट्स', 'वर्शिप लीडरशिप', 'वर्शिप स्टडीज' अशा नावांच्या चार वर्षांच्या पदव्या आहेत. त्यातल्या दोन कॉलेजांशी ईमेलवर बोलणं सुरू आहे. दुसरी वाट म्हणजे पुण्यात किंवा बंगळुरूला सेमिनरी. तिसरी म्हणजे आधी इथल्या विद्यापीठातून संगीतात बी.ए. आणि मग धर्मशास्त्र. माहितीपत्रकं सगळीच सुंदर आहेत, त्यावरून काही कळत नाही. कॉलेज नेमकं कशावरून पारखायचं? पदवीला इथे मान्यता मिळेल का? आणि हिंदुस्थानी गायन शिकलेल्या मुलाला तिकडच्या ऑडिशनमध्ये काय अडचण येते?

टेनेसीकर

ताई, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दोन्ही कॉलेजांकडून एकच कागद मागा: डिग्री प्लॅन, म्हणजे आठ सत्रांत कोणता विषय किती क्रेडिटचा, याचा तक्ता. पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. पेन्सिल घेऊन प्रत्येक विषयापुढे खूण करा: संगीत, पवित्र शास्त्र (बायबल) व धर्मशास्त्र, प्रत्यक्ष सेवेचा सराव, तंत्र (साउंड, रेकॉर्डिंग, पडद्यावरचे शब्द), आणि सर्वसाधारण विषय. मग बेरजा करा. 'वर्शिप' हे एकच नाव असलेल्या दोन पदव्या आतून किती वेगळ्या असतात ते तिथेच दिसतं. एकीत संगीताचे ७० क्रेडिट आणि शास्त्राचे १२, तर दुसरीत संगीत जेमतेम २५ आणि बाकी नेतृत्व, व्यवस्थापन, मीडिया.

संगीताच्या बाजूने एक मोजपट्टी आहे. तिकडे संगीत विभागांना मान्यता देणारी संस्था आहे, नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक, बोलीत 'नॅस्म'. तिच्या निकषाप्रमाणे साध्या बी.ए.त संगीत ३० ते ४५ टक्के असतं, म्हणजे १२० पैकी ३६ ते ५४ क्रेडिट. बॅचलर ऑफ म्युझिक या व्यावसायिक पदवीत ते किमान ६५ टक्के, म्हणजे ७८. टेक्ससमधलं बेलर, नॅशव्हिलचं बेलमाँट, टेनेसीतल्याच क्लीव्हलंडचं ली ही या यादीतली नावं. नॅस्म ऐच्छिक असल्यामुळे ती नसली तर कॉलेज वाईट असं नाही, पण मग संगीत विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासावर येणारे किती, हे विचारायलाच हवं.

संपूर्ण संस्थेची मान्यता ही वेगळी गोष्ट आणि ती मात्र अत्यावश्यक. ती प्रादेशिक मंडळाची असते, किंवा बायबल कॉलेजांच्या असोसिएशन फॉर बिब्लिकल हायर एज्युकेशनची. कॉलेज स्वतः 'अ‍ॅक्रेडिटेड' म्हणतंय यावर विसंबू नका. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची आणि 'चिया' या परिषदेची यादी नेटवर उघडी आहे, तिथे नाव टाकून बघा. नावापुरती मान्यता विकणाऱ्या संस्थाही आहेत आणि ख्रिस्ती नाव लावलेली कॉलेजं त्यांच्याकडून ती घेतात. अशा पदवीवर पुढे मास्टर्सला कुणी उभं करत नाही.

डिग्री प्लॅनमध्ये मी आधी बघेन ते वैयक्तिक तालमीचे तास. मुख्य वाद्य किंवा गळा याचा आठवड्याला एकट्याचा तास आठही सत्रं आहे की चारच? अर्ध्या तासाचा की तासाचा? नंतर थिअरी आणि कान तयार करण्याचे वर्ग: चार सत्रं असावीत, दोनवर भागवलेलं असेल तर पदवी कच्ची. त्याखेरीज संचलन (गायक-वादकांचा वृंद चालवणं, कंडक्टिंग), अरेंजिंग (आवाज-वाद्यांची मांडणी), उपासनेचा इतिहास आणि उपासनेचं धर्मशास्त्र हे चार विषय स्वतंत्र हवेत. शेवटचे दोन एकाच तीन क्रेडिटच्या विषयात कोंबले असतील, तर ते कॉलेज गाणी वाजवायला शिकवतं, उपासना नाही.

आणखी एक चाळणी पंथाची. बहुतेक इव्हँजेलिकल कॉलेजांत विश्वासाच्या विधानावर सही करावी लागते, ते आधी पाळकसाहेबांना वाचायला द्या. सीएनआयमध्ये बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात. बॅप्टिस्ट किंवा पेंटेकोस्टल पठडीच्या कॉलेजात शिकवण वेगळी असेल आणि इंटर्नशिपही तशाच चर्चमध्ये होईल. तिथला मुलगा वीस-पंचवीस मिनिटांचा सलग गाण्यांचा संच बांधायला उत्तम शिकतो. पण वर्षभराचे शास्त्रपाठ, आगमन (नाताळाआधीचा) आणि लेंट (ईस्टरआधीचा) हे काळ, प्रभुभोजनाचा विधी यांच्या मध्ये गाणं कुठे आणि का बसतं, याचा त्याला सराव मिळत नाही. तुमच्या मंडळीला तर नेमकं तेच लागतं.

पैशाचं आणि व्हिसाचं सविस्तर लिहिता येईल, पण त्यासाठी कॉलेजांनी नेमका काय प्रस्ताव दिलाय ते कळवा.

शास्त्रपाठ

टेनेसीकरांच्या शेवटच्या मुद्द्यापासून पुढे. आपल्याकडे धर्मशास्त्राच्या पदव्यांची मुख्य चौकट बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची. कॉलेज १८१८ चं, पदव्या देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश राजसनदेतून आणि नंतर १९१८ च्या कायद्याने. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी ही या सिनेटशी जोडलेली. युनियन बिब्लिकल मूळची यवतमाळची, १९८३ ला पुण्यात आली, त्यामुळे मराठी मंडळ्यांशी तिचा संबंध जुना आहे. दुसरी चौकट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची. बऱ्याच स्वतंत्र सेमिनऱ्या तिच्याशी जोडलेल्या आहेत.

इथे घरच्या लोकांचा गोंधळ होतो तो असा. एशिया थिऑलॉजिकलची मान्यता ही चर्चच्या आणि सेमिनऱ्यांच्या वर्तुळातली मान्यता आहे, सरकारी नाही. बारावीनंतर अशा ठिकाणी बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) केलं आणि पुढे राज्याच्या विद्यापीठात एम.ए. करायचं ठरवलं, किंवा शाळेत नोकरी बघितली, तर ती पदवी पात्रतेत धरत नाहीत. प्रवेशाच्या वेळी हे कुणी लपवत नाही, पण स्पष्ट विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगतही नाही. म्हणून बारावीनंतर लगेच सेमिनरी हा मार्ग मी तुमच्या भावाला सुचवणार नाही. सेमिनरी पदवीनंतर करावी. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) हा पदवीधरांसाठीचा मुख्य अभ्यासक्रम, आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी मूळ शास्त्राचा अभ्यास जास्त अंगी लागतो.

दुसरी बाजूही सांगतो. बी.डी.मध्ये उपासना हा विषय असतो, पण संगीत हा तिथला मुख्य विषय नाही. रोजच्या चॅपलमध्ये वाजवायला भरपूर मिळेल, शिस्तशीर तालीम मिळणार नाही. ज्याचा गळा आणि हात आधी तयार झालाय त्याला सेमिनरी भरपूर देते. ज्याचं संगीत अर्धवट आहे त्याचं ते सेमिनरीत अर्धवटच राहतं.

धर्मशास्त्राला बगल देऊन मात्र चालणार नाही. मंडळी काय मानते हे प्रवचनापेक्षा गाण्यातून जास्त मुरतं. प्रवचन आठवड्यात विसरतं, गीत आयुष्यभर ओठांवर राहतं. वर्षभर मंडळीत गायलेल्या गीतांची यादी काढून बघा. पापकबुली, विलाप, न्यायाची मागणी, सृष्टी, पुनरुत्थान यांतलं काय किती वेळा आलं? स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला मोठा भाग विलापाचा आहे. हल्लीच्या आराधनेत तो जवळजवळ गायब झालाय. दुष्काळात, आजारपणात, घरात माणूस गेल्यावर मंडळीने काय गायचं, हे ज्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत त्याला मी उपासनेचा अभ्यासक्रम मानत नाही. कॉलेजला विचारा: स्तोत्रसंहितेवर स्वतंत्र विषय आहे का? आणि उत्तराची वाट बघा.

बी.ए. चालू असताना सेरामपूरच्या बाह्य विभागाचा ख्रिस्ती अभ्यासाचा डिप्लोमा घरबसल्या करता येतो. मंडळीतल्या साध्या विश्वासणाऱ्यांसाठीच तो आखलेला आहे. बी.डी. करायची की नाही हे त्यातून त्याचं त्यालाच कळेल.

पेटीमास्तर

माझं मत सरळ आहे: आधी बी.ए. संगीत. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. प्रवेश प्रात्यक्षिकावर होतो. मध्यमा पूर्ण झालेल्या मुलाला रागाची मांडणी, ताना, लय यांत घाबरण्यासारखं काही नसतं. विशारद बाजूने चालू ठेवावी. पदवी सरकारी विद्यापीठाची, फी झेपणारी, आणि पुढे शाळेत संगीत शिक्षक म्हणून उभं राहण्याची सोय. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. मराठी मंडळ्यांत पूर्ण पगारावर संगीत सेवक नेमणारी मंडळी फार थोडी. मुलाची हाक खरी आहे म्हणूनच त्याच्या पोटाची व्यवस्था आधी हवी, म्हणजे पंचविशीत सेवा सोडून जायची वेळ येत नाही.

तिकडच्या पदवीतलं काम किती उपयोगी पडेल ते एका उदाहरणावर बघा. आपल्या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं आहेत. त्या चाली ८-६-८-६ अशा अक्षरसंख्येच्या, आणि जोर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अक्षरावर. मराठीत असा आघात नाही, मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आहे. अक्षरं मोजून भाषांतर बरोबर बसतं, पण चालीचा लांब स्वर 'कृपा'मधल्या 'कृ'वर येतो आणि 'पा' अर्ध्या मात्रेत उरकला जातो. मंडळी ते गीत ओढत गाते, आणि आपण म्हणतो लोकांना लय नाही. लोकांना लय आहे, शब्द चालीवर आडवे बसलेत. उलट टिळकांची (नारायण वामन टिळक, १८६१–१९१९) भजनं घ्या. अभंग-ओवीच्या वळणाची असल्यामुळे कधी न ऐकलेली म्हातारी बाईसुद्धा दुसऱ्या कडव्यापासून साथ देते. हे दुरुस्त करायचं कौशल्य, म्हणजे लघु-गुरू खुणा करून शब्द चालीवर पुन्हा बसवणं किंवा चालच थोडी वाकवणं, तुमच्या भावाला हवं आहे. ते मराठी छंद आणि हिंदुस्थानी ताल नीट शिकल्याशिवाय येत नाही, आणि टेक्ससमध्ये ते शिकवणारा माणूस भेटायचा नाही.

पट्टीचंही तसंच. परदेशी आराधनेची गाणी बहुतेक उंच गळ्याच्या पुरुष गायकाच्या पट्टीत रेकॉर्ड झालेली. तरुण संघ ती तशीच उचलतो आणि मागच्या बाकांवरचे लोक गप्प होतात. मंडळीसाठी गीताचा सगळ्यात वरचा स्वर पांढरी एक (C), फार तर पांढरी दोनच्या (D) पुढे जाऊ देऊ नका. बायका त्या सप्तकात, पुरुष एक सप्तक खाली. खालचा टोकाचा स्वर काळी पाचच्या (A#) आसपास. पट्टी निवडताना गायकाचा गळा बघायचा नाही, गीतातला वरचा स्वर बघायचा. ही गोष्ट चांगल्या कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात, एवढं श्रेय मी तिकडच्या पदव्यांना देईन. संचलन, चार आवाजांची रचना आणि साउंड हेही ते लोक आपल्यापेक्षा कितीतरी पद्धतशीर शिकवतात.

ऑडिशनबद्दल: अडचण गळ्याची नसते, वाचनाची असते. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) बघून गाणं, कानावर पडलेली सुरावट कागदावर उतरवणं, आणि पियानोची पातळी. गायनाच्या विद्यार्थ्यालाही पदवीआधी 'पियानो प्रोफिशियन्सी' उतरावी लागते: सगळ्या मेजर-मायनर स्केल, चार आवाजांतलं गीत बघून वाजवणं, दिलेल्या सुरावटीला कॉर्ड लावणं, दुसऱ्या पट्टीत नेणं. ट्रिनिटी पाचवी असल्यामुळे त्याचा हात बसलेला असेल, पण थिअरीची पाचवी ग्रेड वेगळी देऊन ठेवा. एक बारकावा. आपला 'सा' पट्टीबरोबर हलतो, त्यामुळे हलता 'डो' (तिकडच्या डो-रे-मी सरगमचा पहिला स्वर) वापरणाऱ्या कॉलेजात सरगमवाल्या मुलाचं बस्तान लगेच बसतं. काही ठिकाणी मात्र मायनर स्केलचा आधारस्वर 'ला' धरतात. आपल्याकडे तो 'सा'च असतो, त्यामुळे पहिलं सत्र डोकं उलटं चालतं. स्थिर 'डो', म्हणजे 'डो' नेहमी पांढरी एकच, असेल तर आणखी अवघड. कोणती पद्धत वापरता, हा प्रश्न ईमेलमध्ये टाका.

उत्तर_वसई

आम्हा कॅथलिकांकडे वर्शिपची पदवी असा प्रकार नाही, पण एक-दोन गोष्टी उपयोगी पडाव्यात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात कलम ११९ मध्ये साफ म्हटलंय की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत मानाचं स्थान द्यावं. दक्षिणेत त्या वळणाच्या संस्था आहेत. तिरुचिरापल्लीचं कलै काविरी हे कॅथलिक ललितकला महाविद्यालय आहे, कर्नाटक संगीत आणि भरतनाट्य शिकवतं, पदवी विद्यापीठाची. कोट्टायमला ऑर्थोडॉक्स सेमिनरीच्या आवारात 'श्रुती' ही उपासना संगीताची शाळा आहे. मराठी मुलाने तिथे पदवीला जावं असं नाही, भाषा आड येईल. पण संगीताची अधिकृत पदवी आणि चर्चचं संगीत एकाच छपराखाली कसं बसवलंय, ते बघायला आठवडाभर जाऊन राहण्यासारखं आहे. मराठीत असं काही नाही, आणि ते उभं करायला तुमच्या भावासारखीच मुलं लागतील.

नगरची_बहीण

सगळ्यांचे मनापासून आभार. डिग्री प्लॅन मागवले. पहिल्या कॉलेजात संगीत ४८, शास्त्र व धर्मशास्त्र ३०, सेवेचा सराव ९. दुसऱ्यात संगीत २७, शास्त्र १८, आणि मीडिया-नेतृत्व मिळून ३३. पहिल्याने ट्यूशनवर ४० टक्के शिष्यवृत्ती देऊ केली आहे, ऑडिशनवर आणखी थोडी मिळू शकते म्हणतात. दुसऱ्याचं म्हणणं: पहिली दोन वर्षं घरून ऑनलाइन करा, पुढची दोन इकडे या, खर्च निम्मा होईल. शिवाय रविवारी जवळच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवून मुलं खर्च काढतात, असंही एका विद्यार्थ्याने कळवलं. हे कितपत खरं धरायचं?

टेनेसीकर

शेवटचं आधी, कारण ते धोक्याचं आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसच्या आत, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. कॅम्पसबाहेरच्या चर्चमध्ये पैसे घेऊन कीबोर्ड वाजवणं हे परवानगीशिवायचं काम ठरतं. पाकिटावर 'प्रेमाची भेट' लिहिलं तरी. व्हिसा जातो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येतं. बाहेरच्या चर्चमधली सशुल्क इंटर्नशिप सीपीटी (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग) नावाच्या परवानगीने करता येते. ती एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर आणि अभ्यासक्रमाचा भाग असेल तरच मिळते, कॉलेजचा आंतरराष्ट्रीय विभाग आधी कागदावर देतो. तो विद्यार्थी अमेरिकन असेल तर त्याच्यापुरतं ते खरं असेल, तुमच्या भावाला लागू नाही. विनामोबदला सेवेलाही आधी त्या विभागाला विचारावं.

आता ४० टक्के. सवलत ट्यूशनवर आहे, एकूण खर्चावर नाही. समजा ट्यूशन ३० हजार डॉलर आणि राहणं-जेवण, विमा, पुस्तकं मिळून १२ हजार. सवलत १२ हजारांची, भरायचे वर्षाला ३० हजार. चार वर्षांत १ लाख २० हजार, म्हणजे एक कोटी रुपयांच्या वर, आणि ट्यूशन दरवर्षी वाढते ते वेगळं. शिष्यवृत्ती टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेत, हे लेखी घ्या. ठरावीक रक्कम असेल तर वाढलेली ट्यूशन पूर्ण तुमच्या अंगावर. चारही वर्षं टिकायला सरासरी गुण किती लागतात आणि कोणत्या वृंदात वाजवणं सक्तीचं आहे तेही विचारा. व्हिसाच्या वेळी पहिल्या वर्षाची सोय दाखवावी लागते, पण घराने हिशेब चार वर्षांचाच करावा. अमेरिकी सरकारची विद्यार्थी मदत परदेशी मुलांना मिळत नाही.

दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइनचा प्रस्ताव: सर्वसाधारण विषय आणि शास्त्राचे विषय ऑनलाइन चांगले होतात. संगीताचे होत नाहीत, कारण वृंदात शेजारच्याच्या श्वासाबरोबर श्वास घेणं स्क्रीनवर शिकता येत नाही. थेट तास असतील तर तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. आणि एकदा एफ-१ वर गेल्यावर सत्रातल्या किमान १२ क्रेडिटमध्ये ऑनलाइनचा एकच विषय धरला जातो, त्यामुळे 'उरलेलं पुढे ऑनलाइन करू' ही वाट बंद. त्यात या कॉलेजात संगीत २७ क्रेडिट. नॅस्मच्या साध्या बी.ए.च्या खालच्या मर्यादेपेक्षाही नऊने कमी. मी हे कॉलेज यादीतून काढेन.

पहिलं कॉलेज चांगलं दिसतंय. पण माझंही मत पेटीमास्तरांकडे झुकतं: आत्ता बी.ए. इथे, आणि तिकडे जायचंच तर मास्टर्सला. मास्टर्सचा काळ कमी, खर्च कमी. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या रॉबर्ट वेबर इन्स्टिट्यूटमध्ये फक्त मास्टर्स आणि डॉक्टरेट आहे. जानेवारी आणि जूनमध्ये थोडे दिवस तिथे राहायचं, बाकी घरून, म्हणजे मंडळीतली सेवा सुटत नाही. डॅलस इंटरनॅशनल विद्यापीठात लोकांच्या स्वतःच्या कलांतून उपासना उभी करण्याचा अभ्यास आहे. अभंग-कीर्तनवाल्या मुलासाठी ते मला जास्त जवळचं वाटतं.

पेटीमास्तर

ताई, तरीही पहिल्या कॉलेजची ऑडिशन देऊ द्या. त्यात तोटा नाही, आणि काय येत नाही ते कळतं. रेकॉर्डिंगबद्दल थोडं.

दोन विरुद्ध स्वभावाची गाणी मागतात. एक इंग्रजी गीत साध्या पियानो साथीवर, शब्दोच्चार स्वच्छ. दुसरं मराठी भजन किंवा मध्यलयीतली बंदिश, पाच मिनिटांच्या आत: अर्धा मिनिट आलाप, स्थायी, अंतरा, दोन-चार नेमक्या ताना. तासाभराची मैफल कापून पाठवू नये, परीक्षक सुरुवातीचे दोन मिनिटं ऐकतो. सोबत चार ओळींत राग, ताल, शब्दांचा अर्थ लिहून द्यावा. रेकॉर्डिंग सलग एका दमात, जोडकाम नाही, प्रतिध्वनीचा इफेक्ट नाही.

फोन सहा-सात फुटांवर, छातीच्या उंचीवर. पेटी फोनच्या सरळ समोर ठेवली तर भात्याचा आवाज सुराच्या वर येतो, म्हणून ती जरा तिरकी ठेवा. तबला गायकाच्या मागे दोन हात, नाहीतर डग्ग्याचा आवाजच सगळं खातो. चर्चच्या दगडी इमारतीत करू नका, घुमतं. पडदे, गादी असलेली घरातली खोली बरी. पेटी आणि कीबोर्ड दोन्ही वापरणार असाल तर आधी पेटीचा सूर कीबोर्डशी ताडून बघा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या (सूर जुळवण्याचं आजचं प्रमाण) अलीकडे-पलीकडे असतात, दोन्ही एकत्र वाजले की सूर लहरतो आणि तिकडच्या कानाला ते गायकाचं बेसूर वाटतं. पेटी जुळत नसेल तर त्या गाण्याला तानपुरा आणि तबला एवढंच ठेवा.

आणि ललित कला केंद्राचा अर्ज ऑडिशनच्या निकालाची वाट न बघता भरून टाका. बारावीच्या निकालानंतर प्रात्यक्षिकाला फार दिवस हातात राहत नाहीत. दोन राग तयार हवेत, त्यातला एक त्याने स्वतः निवडलेला, आणि दुसऱ्याबद्दल परीक्षक विचारतील ते आरोह-अवरोह, पकड, वादी-संवादी तोंडपाठ.